डाव्या बाजूची कोरडी जागा

१

काँक्रीट धुवायचं तर गॅरेजच्या दारापासून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत रस्त्यापर्यंत यायचं. उलट केलं तर सगळी घाण धुतलेल्या भागावर येऊन बसते. हे मला कुणी शिकवायला नको होतं. एकतीस वर्षं मी शहराच्या पाणीखात्यात काढली. पाणी कुठून निघतं, कुठे मुरतं आणि कशाला अडतं, एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात नीट कळते.

त्या सोमवारी सकाळी मी दाबाच्या पाण्याचं यंत्र सुरू केलं. सप्टेंबर महिना. ऊन स्वच्छ होतं आणि सरोवरावरचा वारा अजून बोचायला लागला नव्हता. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हे काम उरकायला एवढेच काय ते दिवस मिळतात. एकदा बर्फ पडला, तो वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायला लागले, की उघड्या काँक्रीटच्या खपल्या निघायला लागतात. म्हणून आधी धुवायचं, दोन दिवस खडखडीत वाळवायचं आणि मग त्यावर सीलरचे, पाणी मुरू न देणाऱ्या लेपाचे, दोन हात मारायचे.

आमचा ड्राइव्हवे, म्हणजे गॅरेजपुढचा हा काँक्रीटचा पट्टा, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद आहे. उजवी बाजू आमच्या गाडीची. डावी लिओटाची.

लिओटा म्हणजे माझ्या बायकोची, मर्नाची, थोरली बहीण. सव्वीस वर्षं दर गुरुवारी सकाळी दहाला ती यायची, दोनदा तुटक हॉर्न वाजवायची आणि मर्नाला घेऊन जायची. केस कापायला, बाजाराला, कधी नुसतंच सरोवराकाठी गाडी लावून सँडविच खायला. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. फेब्रुवारीत लिओटा गेली. फुप्फुसांनी दगा दिला. तिच्या मुलानं, कर्टिसनं, एप्रिलमध्ये तिची गाडी विकली. आमच्याकडे तिची एकच खूण उरली होती. डाव्या बाजूला, मधोमध, जेवणाच्या ताटलीएवढा तेलाचा काळा डाग. तिची गाडी जुनी होती, ठिबकायची.

मी डागावर पावडर टाकायला वाकलो, तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी वर सरकली.

"तेवढा राहू दे," मर्ना म्हणाली.

"अगं, डाग आहे तो."

"काय आहे ते माहितीये मला."

"वरून सीलर बसला ना, की कायमचा राहील. मग कितीही घास, निघायचा नाही."

"मग राहू दे कायमचा."

मी बरं म्हणून मान हलवली. ती तासाभरानं चर्चच्या स्वयंपाकघरात मदतीला गेली. मंगळवारच्या जेवणाचे बटाटे तिथल्या बायका आदल्या दिवशीच सोलून ठेवतात. तिची गाडी वळणाआड गेली आणि मी तो डाग घासून काढला. चाळीस मिनिटं लागली. का काढला, ते आजही मला नीट सांगता येणार नाही. काम अर्धवट ठेवायची सवय नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

ती परत आली, डाव्या बाजूकडे एकदा बघून घरात गेली. त्या रात्री जेवताना तिनं माझ्यासमोर ताटली ठेवली, ती जरा जोरात. एवढंच.

२

बुधवारी सकाळी पाऊस आला. अंदाजात नव्हता. मी चडफडत कॉफी घेऊन दिवाणखान्याच्या खिडकीशी उभा राहिलो. दोन दिवस वाळवलेलं काँक्रीट बघता बघता काळपट झालं. मर्ना बाहेर गेली होती, त्यामुळे सगळा ड्राइव्हवे मोकळा होता आणि मधोमध, जरा डावीकडे, शेजारच्या ऑगीचं मांजर पाय पोटाशी घेऊन बसलं होतं.

मला आधी मांजराचंच नवल वाटलं. बिस्किट त्याचं नाव. नळाची धार दिसली तरी कुंपणावर चढणारं जनावर, आणि आज भर पावसात आरामात पंजा चाटत होतं.

मग दिसलं, की ते भिजत नव्हतं.

त्याच्या भोवतीचं काँक्रीट कोरडं होतं. पांढरटच राहिलं होतं. लांबट चौकोन, कडा सरळ. पाऊस चालू असताना गाडी हलवली, की खाली जशी कोरडी जागा दिसते, तशी. फक्त इथे कुणी गाडी हलवली नव्हती, आणि पाऊस अजून पडत होता.

माझं डोकं लगेच कामाला लागलं. परवा मी डागावर कसलं कसलं रसायन ओतलं होतं. त्याचा थर राहिला असणार. साबणाच्या थरावर पाणी ठरत नाही, ओघळून जातं. सोपं आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत याहून विचित्र गोष्टी बघितल्या होत्या आणि प्रत्येकीला कारण निघालं होतं. मी कॉफीचा घोट घेतला.

तेवढ्यात मांजर उठलं. आळस देऊन चालायला लागलं आणि कोरड्या जागेच्या कडेशी आल्यावर त्यानं पोट जमिनीला टेकवलं, कान मागे दाबले, पाठ खाली घेतली आणि सरपटत बाहेर आलं.

मांजर गाडीखालून निघतं तसं.

बाहेर येताच पावसाचे थेंब अंगावर पडले, तसं ते ताठ झालं आणि पळत सुटलं.

३

बूट घालून बाहेर जाईपर्यंत पाऊस थांबला होता. मी खडूनं कोरड्या जागेभोवती रेघ मारली आणि मोजायची टेप लावली. साडेचौदा फूट लांब, पावणेसहा रुंद. गुडघ्यावर बसून तळवा टेकवला. थंड होतं. ऊन नुकतंच बाहेर आलं होतं आणि उजव्या बाजूच्या ओल्या काँक्रीटमधून वाफ निघत होती, इकडे मात्र सावलीतला गारवा.

"खून कुणाचा झाला?" मागून आवाज आला.

ऑगी कुंपणापाशी उभा होता. ऑगस्ट बेनिश, वय एक्क्याऐंशी, बायको गेल्यापासून दिवसभर माझ्यावर पाळत ठेवणं हाच त्याचा धंदा.

"कुणाचा नाही. साबण राहिलाय, ऑगी. डाग काढताना."

"पोलीस प्रेताभोवती मारतात तशी रेघ मारलीस, म्हणून विचारलं. पण प्रेत फारच लठ्ठ दिसतंय."

"तुमचं मांजर बसलं होतं इथे."

"मग त्यालाच विचार ना." तो हसला, मग डोळे बारीक करून डाव्या बाजूकडे बघत राहिला. "परवापासून मला वाटतंय तुमच्याकडे कुणी पाहुणे आलेत."

"का?"

"काय की. खिडकीतून सहज बघितलं की वाटतं, गाडी उभी आहे. नीट बघावं तर नसते. मोतीबिंदू, दुसरं काय." आणि तो टोमॅटोंना पाणी घालायला निघून गेला, नुकताच पाऊस पडलेला असताना.

दुपारी मर्ना आली. गाडी उजवीकडे लावून उतरली आणि खडूच्या रेघेपाशी थबकली. तिथली जमीन एव्हाना सगळीकडे सारखीच वाळली होती, पण रेघ होती. तिनं तो आकार पाहिला, घराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग रेघेच्या बाहेरून, अगदी बाहेरून, वळसा घालून ती दाराशी आली.

"पावसात एवढाच भाग भिजला नाही," मी म्हणालो. "माझाच गाढवपणा. साबण धुतला गेला नाही."

"लिओटा इथेच लावायची."

"मर्ना..."

"मी काही म्हणाले का?"

ती हसत होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. मला बरं वाटायला हवं होतं.

४

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी तळघरात सीलर पसरायच्या रोलरची दांडी शोधत होतो. वर आलो तर मर्ना बाजूच्या दारापाशी उभी. निळा कोट, ओठांना रंग, हातात पर्स. घड्याळात दहाला पाच कमी.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"मग कोट कशाला?"

"गार वाटतंय."

गार नव्हतं. ती जाळीच्या दारातून डाव्या बाजूकडे बघत होती, आणि ते बघणं रिकाम्या जागेकडे बघण्यासारखं नव्हतं. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण बघतो ना, तसं. सव्वादहाला तिनं कोट काढून खुंटीला लावला आणि कांदे चिरायला घेतले.

मी कर्टिसला फोन लावला. का, ते मलाही कळत नव्हतं.

"ड्वेन काका! सगळं ठीक ना? मावशी बरी आहे?"

"बरी आहे. मला एक सांग, आईची गाडी आता कुठे असते?"

"शेबॉयगन शहरातच. परवा सिग्नलला दिसली की. एक कॉलेजची पोरगी चालवते, मागे सायकल बांधली होती. का हो?"

"सहज. लांबी किती असेल तिची?"

"साडेचौदा फूट. गॅरेजमध्ये बसत नव्हती म्हणून मोजली होती मी. काका, खरंच सगळं ठीक आहे ना?"

मी ठीक आहे म्हणालो. फोन ठेवला. साबणाचा थर बरोबर साडेचौदा फुटांचा कसा बसला? योगायोग. गाडी सव्वीस वर्षं तिथे उभी राहायची, तिच्याखालचं काँक्रीट ऊन-पावसापासून वाचलं, त्याचा पोत वेगळा राहिला. आठवड्यातून एकदा, दहा-पाच मिनिटं उभी राहायची, असं दुसरं मन म्हणालं. मी त्याला गप्प केलं.

५

शुक्रवारी मी सगळं पुन्हा धुवायला काढलं. साबण असेल तर जाईल, नसेल तर कळेल. ऊन चांगलं होतं. गॅरेजपासून सुरुवात केली. पाण्याचा पट्टा काँक्रीटवरून खरखरत पुढे सरकत होता, आणि डाव्या बाजूला आल्यावर आवाज बदलला.

पातळ पत्र्यावर पाणी मारल्यासारखा आवाज आला.

मी चाप सोडला. समोर काहीच नव्हतं. पुन्हा दाबला, हळूच. पाण्याची धार जमिनीला लागायच्या आधीच फुटली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणि तुषार माझ्या तोंडावर उडाले. वारा असेल. सरोवराकडून असा उलटा वारा कधीकधी येतो. मी डोळे पुसले आणि यंत्र बंद केलं.

यंत्र बंद झाल्यावर जी शांतता झाली, तिच्यात तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. टक्. मग थोड्या वेळानं, टक्. टक्. लांबून आलेली गाडी बंद केली, की इंजिन निवताना वाजतं, तो आवाज. तो माझ्यापासून चार फुटांवर होता.

मी मागे सरलो. ओलं काँक्रीट उन्हात चमकत होतं आणि मधली कोरडी जागा पांढरी दिसत होती. माझी परवाची खडूची रेघ यंत्रानं धुतली गेली नव्हती, कारण ती आता कडेला नव्हतीच. कोरड्या जागेच्या आत होती. मी टेप आणली. दोनदा मोजलं.

साडेसतरा फूट.

रात्री जेवताना मी मर्नाला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, देव जाणे, पण सांगितलं.

"ती लिओटाची गाडी नाही."

"कुठली?"

"तुला माहितीये कुठली. लिओटाची गाडी एवढी लांब नव्हती. ती मोठी होतेय, मर्ना. काय आहे ते मला माहीत नाही, पण ती लिओटा नाही."

तिनं शांतपणे काटा खाली ठेवला. "तू तर म्हणालास साबण आहे."

मी पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला.

"सात महिन्यांत तिचं नाव तू आज दुसऱ्यांदा काढलंस," ती म्हणाली. "पहिल्यांदा काढलंस ते कर्टिसला अंत्यविधीच्या फुलांचं विचारायला." मग तिनं माझी ताटली उचलली. मी अजून जेवत होतो.

६

तुम्ही म्हणाल, मग काम तिथेच का नाही सोडलं? मीही तेच म्हणतो आता. पण तेव्हा माझ्या डोक्यानं एक युक्ती काढली होती, आणि ती मला फार शहाणपणाची वाटली. सीलर बसला की पाणी कुठेच मुरत नाही. ओलं काय नि कोरडं काय, फरकच दिसत नाही. जे दिसणार नाही, त्याच्याकडे मर्ना बघणार नाही. झाकून टाकू. सगळं एकसारखं करून टाकू. शनिवार-रविवार मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत काढले आणि सोमवारी सीलरचे डबे उघडले.

उजवी बाजू अर्ध्या तासात झाली. पातळ हात मारायचा, रोलर एकाच दिशेनं ओढायचा, थांबायचं नाही. डावीकडे वळलो तेव्हा पलीकडे ऑगी गवत कापत होता. त्या कटकटीच्या आवाजाचा मला आधार वाटला. मी श्वास घेतला आणि त्या जागेत पाऊल टाकलं.

काही झालं नाही. कशाला धडकलो नाही, ठेचकाळलो नाही. मी एक पट्टा ओढला, दुसरा ओढला. आणि मग लक्षात आलं की ऑगीचं यंत्र ऐकू येत नाही.

मान वर केली. ऑगी चालत होता. यंत्राच्या मागे गवताचा फवारा उडत होता. पण आवाज येत नव्हता. माझ्या कानांना दडे बसले होते, गाडीचं दार लावल्यावर बसतात तसे. सीलरचा नाक जाळणारा वास गेला होता. त्याच्या जागी उन्हात तापलेल्या सीटच्या कापडाचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, तळघराच्या कोपऱ्यात ओल धरते तसला.

लिओटाच्या गाडीत मी किती वेळा बसलो असेन. तिच्या गाडीला पुदिन्याच्या गोळ्यांचा वास यायचा.

एकदा बाजारात मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसलो होतो. रंग तोच, गाडी तशीच, पण बसल्याक्षणी पाठीला कळलं होतं की ही आपली नाही. आत्ता तेच कळत होतं. आणि पुढे कुणीतरी बसलं होतं. बसलेलं दिसलं नाही. पण आपण मागच्या सीटवर असताना चालवणारा आरशातून आपल्याकडे बघतो, ते न बघताही कळतं. त्या बघण्यात राग नव्हता. मी नको होतो, एवढंच. भलताच माणूस चढला म्हणून तो वाट बघत होता, मी उतरायची.

मी उतरलो. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. उलटा, पावलापावलानं, रोलर ओढत, आणि कडेबाहेर पाय पडताच ऑगीच्या यंत्राचा आवाज कानावर आदळला.

दुपारी दुसरा हात मारला. तो मी कडेला उभा राहून, दांडी लांब करून मारला. मग चारी कोपऱ्यांना कॉफीचे रिकामे डबे ठेवले आणि त्यांना दोरी बांधली. तीन दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही, असं मी मर्नाला बजावलं.

"तीन दिवस म्हणजे गुरुवार," ती म्हणाली.

७

बुधवारपर्यंत सीलर काचेसारखा वाळला. एवढी चकाकी मी मागितली नव्हती. सीलरच्या डब्यावर ओल्या काँक्रीटचं चित्र होतं, पण हे त्याहून खोल दिसत होतं. समोरचं मेपलचं झाड त्यात उलटं उभं होतं, ढग त्यातून जात होते. ऑगी कुंपणावरून म्हणाला, "दाढी करायला येऊ का उद्या तुमच्याकडे?"

गुरुवारी सकाळी मी ठरवून मर्नाच्या मागे मागे होतो. ती न्हाणीघरात गेली तेव्हा मी बाहेर कपाट आवरत असल्याचं सोंग केलं. साडेनऊला तिनं मला तळघरातून बटाटे आणायला सांगितलं. मी म्हणालो, नंतर आणतो. ती म्हणाली, आत्ता हवेत. मी गेलो. पिशवी उचलली आणि वर दाराची कडी वाजली.

पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. वर स्वयंपाकघर रिकामं, बाजूचं दार उघडं. जाळीतून मला मर्नाची पाठ दिसली. निळा कोट, पर्स. ती दोरी ओलांडत होती.

मी हाक मारली. तिनं ऐकलं नाही.

समोर काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो. सकाळचं ऊन, रिकामी डावी बाजू, आणि तिथे उभी माझी बायको. पण मी खाली बघितलं.

चकाकत्या काँक्रीटमध्ये झाड होतं, आभाळ होतं, मर्ना उलटी उभी होती, आणि तिच्या शेजारी एका गाडीची गडद बाजू होती. लांब. गॅरेजच्या दारापासून पार पदपथापर्यंत. गाडीचं पुढचं दार उघडं होतं. आतली सीट मला दिसली, तिच्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. आणि त्या सीटवर एक हात होता. तपकिरी हातमोजा घातलेला. चालवणाऱ्याच्या बाजूनं आला होता, पण एवढ्या लांबून, की माणसाचा हात तिथवर पोचत नाही. तो सीटवर थोपटत होता. दोनदा थोपटायचा, थांबायचा. पुन्हा दोनदा. पोरं बावरली की आपण बोलावतो तसं. घाई अजिबात नव्हती.

मर्नानं पाय उचलला. तिचा बूट जमिनीपासून वीतभर वर होता आणि तिथेच टेकला होता. हवेत. तिच्या अंगाचा भार त्या पायावर जात होता.

मी तिला कमरेला धरून मागे ओढलं. ती जड होती. माझी बायको कधी एवढी जड नव्हती. दुसऱ्या बाजूनंही कुणी तरी धरावं तशी. मी ओरडलो असेन. मग एकदम सगळं सैल पडलं आणि आम्ही दोघं गवतावर कोसळलो. अगदी जवळून दार लागल्याचा आवाज आला. आपटलं नाही. भारी गाडीचं दार लागतं तसं, मऊ.

खाली बघितलं तर आभाळ होतं आणि मेपल.

"संगीत कुठेय?" ऑगी कुंपणापलीकडून ओरडला. "या वयात सकाळी सकाळी नाच? आणि मला बोलावणं नाही?" मग आमचे चेहरे बघून त्याचं हसू गेलं. तो आमच्याकडे येत नव्हता, आमच्या मागे, रस्त्याकडे बघत होता. बराच वेळ. "पाहुणे गेले वाटतं," तो हळूच म्हणाला, आणि वळून घरात जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

मर्ना माझ्या मिठीत थरथरत होती. मला वाटलं घाबरली. तिचं तोंड बघितलं तेव्हा कळलं, ती रागानं थरथरत होती.

८

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी दोन माणसं बोलावली. त्यांनी डावी बाजू फोडली, तुकडे ट्रकमध्ये भरून नेले आणि माती टाकून दिली. थोरला माणूस म्हणाला, "नवंकोरं सीलर मारलेलं काँक्रीट फोडताय? पैसे जास्त झालेत का?" मी म्हणालो, गवत लावायचंय. मर्नानं सगळं खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

तिची समजूत मला माहीत होती. तिच्या लेखी मी तिच्या बहिणीला दारातून परत पाठवलं होतं. माझ्याकडे पुरावा काय होता? टेपनं घेतलेली मापं आणि एक वास. मी रात्र रात्र जागाच असायचो. तिचा श्वास ऐकत. दर गुरुवारी काहीतरी काम काढून तिच्या आसपास राहायचो, आणि तिला ते कळायचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका दुपारी, ती टेबलाशी बसून सफरचंदं सोलत होती. मोठं पातेलं भरत आलं होतं. मी शेवटी न राहवून बोललो.

"मला तुला तिच्यापासून तोडायचं नव्हतं. पण मर्ना, तो हात... मी बघितला तो. तो लिओटाचा नव्हता."

ती सोलत राहिली. साल लांबच लांब निघत होती.

"माहितीये मला," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय माहितीये?"

"तिचा नव्हता ते. घराचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं ना, तेव्हाच कळलं. लिओटा कधी अशी थोपटून बोलवायची नाही. ती शिव्या घालायची, चल लवकर म्हणून." तिनं साल टेबलावर ठेवली. "आणि ओळखीचा वासही नव्हता."

"तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तरी तू पाय उचललास?"

तिनं माझ्याकडे बघितलं. राग कुठेच नव्हता आता. खूप दमलेलं माणूस बघतं तसं बघितलं.

"कुणीतरी न्यायला आलं होतं, ड्वेन."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. ओट्यावरची दुसरी सुरी घेतली आणि एक सफरचंद उचललं. माझी साल तुटत होती. ती बघत होती, हसली नाही, पण तिनं पातेलं दोघांच्या मध्ये सरकवलं.

"ती आणि तू," मी म्हणालो. "सरोवराकाठी बसायचात. काय बोलायचात गं एवढं?"

तिनं हातातलं सफरचंद सोलून पातेल्यात टाकलं. मग तिनं सांगायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य अर्धं झालं असेल, तेवढ्यात बाहेर रस्त्यावर एका गाडीचा आवाज आला. वेग कमी करत येत होती. आमच्या घरापाशी आल्यावर आणखी कमी झाला.

मर्ना बोलायची थांबली. माझी सुरी थांबली. मी टेबलाखालून तिचा हात धरला, तिनं तो काढून घेतला नाही, आणि आम्ही दोघं पातेल्यातल्या सफरचंदांकडे बघत बसलो.

आवाज बंद झाला. ती गाडी पुढे निघून गेली, की तिचं इंजिन कुणी बंद केलं, ते बघायला आम्ही उठलो नाही.

"हं," मी म्हणालो. "मग? पुढे सांग."